पाय सुजायची गोळी : बेळगावजवळच्या तालमीतलं एक डोपिंग प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मार्कंडेय नदीकाठच्या गावांत, मी बरीच वर्षं डॉक्टरकी करतोय. या भागात तालीम नसलेलं गाव शोधावं लागतं, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या पोरांत मोडलेले कान, निखळलेली बोटं आणि सुजलेले गुडघे नेहमीचेच. एका पोराचं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्याचं नाव, गाव, स्पर्धेचं ठिकाण आणि वर्ष मी इथं देत नाही. तेव्हा त्याला अठरा पूर्ण नव्हती, आणि अल्पवयीन खेळाडूचं नाव जाहीर करण्याची सक्ती डोपिंगविरोधी नियमांतही नाही. बाकी सगळं त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीनं लिहितोय. परवानगी देताना वडील म्हणाले, "लिवा डॉक्टर. दुसऱ्याच्या घरात असलं लेटर यायला नको."

ते लेटर माझ्यापर्यंत आलं एका रविवारी रात्री. वडील मोबाईल हातात धरूनच आत आले. "डॉक्टर, हे काय लिवलंय बघा की. पोरगं सकाळधरनं रडूलंय, जेवंना झालंय." पत्र इंग्रजीत, चार पानांचं, राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडून, म्हणजे नाडाकडून आलेलं. मजकूर असा, की राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेच्या वेळी दिलेल्या लघवीच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड हे प्रतिबंधित द्रव्य सापडलं आहे. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी, 'ब' बाटली उघडून तपासायची आहे का ते कळवा, आणि अमुक तारखेपर्यंत आपलं म्हणणं मांडा.

मी ते नाव दोनदा वाचलं, कारण ते औषध मी रोज लिहून देतो. त्या पोराच्या आजीलाही मीच लिहून दिलं होतं.

पोरगा आणि त्याचं वजन

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असलेला, सतरा वर्षांचा मुलगा. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. आई आणि आजी घरची थोडी भाताची आणि रताळ्याची शेती बघतात. पहाटे साडेचारला तालमीत जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, संध्याकाळी शेजारच्या हॉलमध्ये मॅटवर सराव. घरात दूध, तूप आणि बदाम आधी त्याच्यासाठी बाजूला निघायचे, मग बाकीच्यांचा विचार.

आमच्याकडे कुस्तीची हौस कुणाला सांगायला नको. येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानावर किंवा बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात मोठी कुस्ती लागली की अख्खी गावं लोटतात. पण या पोराच्या घरात हौसेपेक्षा मोठा विचार होता. राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक म्हणजे खेळाडू कोट्यातून सैन्यात किंवा रेल्वेत नोकरीची वाट. शेती गुंठ्यांत, फाउंड्रीतला पगार तुटपुंजा, आणि मोठ्या बहिणीचं लग्न तोंडावर. वडिलांनी पोराला कधी "पदक आणच" असं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

पुढचं सगळं एका आकड्यावरून घडलं. पोराचं खाऊन-पिऊन असलेलं वजन साडेएकोणसत्तर किलो. सतरा वर्षांपर्यंतच्या फ्रीस्टाइलमध्ये ६५ नंतरचा गट थेट ७१ चा. ७१ मध्ये उतरला तर पंच्याहत्तरवरून खाली आलेले थोराड गडी समोर येणार. म्हणून ६५. म्हणजे साडेचार किलो उतरवायचे, आणि तेही शेवटच्या आठवड्यात, कारण आधी उतरवलं तर ताकद जाते अशी तालमीतली समजूत.

वजन तोडायची रीत सगळ्या तालमीत सारखीच आहे. अंगावर दोन स्वेटर, वर प्लॅस्टिकचा सूट, दुपारच्या उन्हात पळणं, भात-भाकरी बंद, मग पाणी बंद. शेवटच्या दिवशी तोंडात चिंच किंवा लिंबू धरून थुंकत बसायचं, थुंकीनं शंभर-दोनशे ग्रॅम जातात म्हणून. हे करणाऱ्यांना आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही, आणि मॅटवरच्या नियमांत बसलं की झालं, अशी एकूण धारणा. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगट फायनलच्या दिवशी सकाळी ५० किलो गटात फक्त १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा आमच्या तालमीतल्या पोरांनी ती बातमी स्वतःच्या घरातली असल्यासारखी ऐकली. रात्रभर घाम गाळणं, केस कापणं, यातलं काहीच त्यांना नवीन नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नऊला काट्यावर ६६.४ आलं. दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता आणि घाम यायचा बंद झाला होता. म्हणजे शरीरानं हात टेकले होते. तेव्हा त्यानं बॅगेतून गोळी काढली.

गोळी कुठून आली

गावात कुणी दुकानदारानं विकली नाही, कुठल्या ट्रेनरनं टोचली नाही. पाच-सहा आठवड्यांपूर्वी, राज्य निवड चाचणीच्या वेळी, आधीच्या पिढीतल्या एका पैलवानानं त्याला फोनवर सांगितलं होतं, "घरात कुणाला पाय सुजायची गोळी चालू हाय काय बघ. रात्री एक खा, सकाळी दीड किलो गेलेलं असतंय." पोरानं घरात बघितलं. देवळीच्या खालच्या फळीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आजीची औषधं असतात. हृदय कमजोर झाल्यानं आजीच्या पायावर सूज येते, म्हणून रोज सकाळी ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड. पोरानं चार गोळ्या कापून घेतल्या. दोन निवड चाचणीला, दोन राष्ट्रीय स्पर्धेला. आजीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं स्वतःच्या हातानं दिल्या असत्या, हे तिनंच मला नंतर रडत रडत सांगितलं.

इथं माझा हिशेब मला मांडलाच पाहिजे. निवड चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी हा पोरगा माझ्याकडे पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून आला होता. मी पाय दाबून बघितले, ओआरएसच्या पुड्या दिल्या, केळी खा म्हटलं. त्याच आठवड्यात आजीची गोळी चार दिवस आधी संपली म्हणून सून चिठ्ठी घ्यायला आली, आणि मी चिठ्ठी लिहून दिली. एकाच घरातल्या या दोन गोष्टी आठवड्याच्या आत माझ्यासमोर आल्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. सतरा वर्षांच्या धडधाकट पैलवानाला असे गोळे का यावेत, हा प्रश्न विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

ही गोळी काय करते ते सांगतो. मूत्रपिंड रक्तातून गाळलेलं बहुतेक मीठ-पाणी परत शोषून घेतं. फ्युरोसेमाइड त्या शोषणाची एक मोठी वाट अडवतं, मीठ बाहेर जातं आणि त्याच्यामागोमाग पाणी. तासाभरात लघवी सुरू होते आणि पाच-सहा तास चालते. आजीच्या अंगात साचलेलं जास्तीचं पाणी त्यातून निघतं, तिला श्वास घेता येतो. पोराच्या अंगात जास्तीचं पाणी नव्हतंच, त्यामुळे रक्तातलं पाणी गेलं. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम गेलं, ज्यांच्या जोरावर स्नायू आखडतात-सुटतात आणि हृदयाचा ठेका राहतो. आधीच सुकलेल्या शरीरावर हा घाव घातला की हृदय भरकटू शकतं. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, महिनाभराच्या आसपास, तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना दगावले. तिथं तर गोळीही लागली नाही, नुसता रबरी सूट, गरम खोली आणि बंद केलेलं पाणी एवढं पुरलं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीनं नियम बदलले. चरबी ५ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट घ्यायचा नाही, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही, आणि अंगात पाणी पुरेसं आहे हे लघवी तपासून दाखवायचं.

त्या रात्री पोरानं नऊला एक आणि अकराला दुसरी गोळी घेतली. पहाटेपर्यंत सात वेळा उठला. सकाळी काट्यावर ६४.८. दिवसभरात तीन कुस्त्या मारल्या, एक हरला, आणि कांस्य घेतलं. शेवटच्या कुस्तीत उजवी पोटरी दगडासारखी झाली होती आणि तो एका पायावर लढला. गावात संध्याकाळपर्यंत फटाके वाजले.

बाटली आणि एक प्रश्न

कुस्ती संपल्या संपल्या एक माणूस गळ्यात ओळखपत्र घालून त्याच्याजवळ आला आणि तिथून तो सावलीसारखा मागं राहिला. हा डोपिंग तपासणीचा सोबती. खेळाडूला निरोप दिल्यापासून नमुना होईपर्यंत त्याच्यावरची नजर हटत नाही. खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या होत्या. पोराला लघवी होईना. पावणेतीन तास बसला, पाणी पीत राहिला. शेवटी झाली ती इतकी पातळ, की घनता मोजायच्या छोट्या भिंगात ती किमान मर्यादेच्या खाली भरली, आणि त्याला पुन्हा थांबून दुसरा नमुना द्यावा लागला. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. समोर त्याच लिंगाचा अधिकारी उभा असतो, शर्ट छातीपर्यंत वर आणि पँट गुडघ्यापर्यंत खाली करावी लागते, लपवून आणलेली लघवी ओतू नये म्हणून. मग खेळाडू स्वतःच्या हातानं ती 'अ' आणि 'ब' अशा दोन काचेच्या बाटल्यांत ओततो आणि स्वतःच झाकण फिरवतो. झाकण टकटक करत एकाच दिशेनं फिरतं, फोडल्याशिवाय उघडत नाही. पोराला तो आवाज अजून आठवतो.

फॉर्मवर एक रकाना असतो, गेल्या ७ दिवसांत घेतलेली औषधं. तो रिकामा होता. नाडाच्या पत्रासोबत फॉर्मची प्रत होती, आणि त्या रिकाम्या रकान्याकडे बघून माझ्या पोटात खड्डा पडला. सुनावणीत हाच रकाना 'लपवलं' म्हणून पुढं येणार, हे उघड होतं. मी पोराला विचारलं, "का रे सांगितलं नाहीस?" त्याचं उत्तर मी त्याच्याच शब्दांत देतो.

"डॉक्टर, ते सर हिंदीत म्हटले, 'कोई दवाई लेते हो?' मला वाटलं, लेते हो म्हंजे रोज घेतोस काय. मी रोज कुठं घेतो? म्हणून नाही म्हटलं."

मला हे पटलं, आजही पटतं. हा मुलगा घरात मराठी बोलतो, सरकारी कागद कानडीत बघतो, पीयूसीची पुस्तकं इंग्रजीत वाचतो, आणि हिंदी टीव्हीवरून शिकलेला आहे. सोबत संघाचे व्यवस्थापक होते, अल्पवयीन खेळाडूला सोबत माणूस नेण्याचा हक्क असतो, पण ते दाराजवळ फोनवर होते. डोपिंगविरोधी नियमांचा जो सगळा डोलारा जगभर उभा आहे, त्यात त्या रात्री एक प्रश्न एका पोराला कळेल अशा भाषेत विचारला गेला नाही. गोळी घेतल्याचं तो सांगता तरी नमुना सदोषच निघाला असता, हे खरं. पण लपवल्याचा डाग आला नसता.

पुढं पत्रालाही असाच उशीर. नाव नोंदवताना जो ई-मेल दिला, तो तालुक्याच्या गावातल्या नेट सेंटरवाल्यानं बनवून दिलेला आणि पासवर्ड त्याच्याकडेच. पत्र आल्यापासून नऊ दिवस कुणी उघडलं नाही. राज्य संघटनेतल्या कुणीतरी फोन केला तेव्हा कळलं.

पहिली रात्र

त्या रात्री माझ्या दवाखान्यात वडील, मामा, वस्ताद आणि पोरगा असे चौघे बसले होते. मामा पहिल्यांदा बोलले. "कुणीतरी खाण्यात घातलं म्हणूया. स्पर्धेला गर्दीत काय कळतंय." वडील गप्प. हा मोह किती जबरदस्त असतो हे मला त्या रात्री कळलं, कारण क्षणभर मलाही वाटलं, बरं होईल. मग मी त्यांना नरसिंग यादवची आठवण करून दिली. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, घराघरांत माहीत असलेला पैलवान. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी कट करून मिसळलं असं त्यानं सांगितलं, नाडाच्या समितीनं ते मान्य केलं, पण प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं तेव्हा ते सिद्ध होईल असा पुरावा नाही म्हणून लवादानं त्याला चार वर्षांची बंदी घातली, तीही लढतीच्या आदल्या दिवशी. त्याच्या बाबतीत खरं काय होतं यावर मी बोलणार नाही. पण त्याच्यासारख्या नावाजलेल्या माणसाला जे पुराव्यानिशी मांडता आलं नाही, ते खोटं रचून आपण मांडायला जाणं म्हणजे पोराला खड्ड्यात ढकलणं. शिवाय खोटा पुरावा देणं हा या नियमांत स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला वेगळी शिक्षा आहे.

वस्ताद तोवर काहीच बोलले नव्हते. साठीचे, आयुष्यभर लाल मातीत, तालमीत सुईला कधी पाऊल ठेवू न देणारे गृहस्थ. मग ते म्हणाले, "डॉक्टर, मला एक सांगा. उन्हात पळवून पाणी काढलं तर चालतं. चिंच चोखवून थुंकायला लावलं तर चालतं. आठवडाभर उपाशी ठेवलं तर चालतं. त्याच पाण्यासाठी एक गोळी खाल्ली तर बंदी. पोरानं ताकदीचं काय घेतलंय? उलट ताकद घालवलीय."

या प्रश्नाला मी त्या रात्री अर्धवट उत्तर दिलं. नंतर खूप विचार केला, म्हणून इथं पूर्ण लिहितो. लघवी वाढवणारी औषधं जागतिक यादीत 'लपवणारी द्रव्यं' या वर्गात आहेत आणि ती बारा महिने बंद आहेत, नुसती स्पर्धेच्या दिवशी नाही. कारण त्यांनी लघवी इतकी पातळ होते की स्टेरॉइडसारख्या दुसऱ्या द्रव्याचा माग पुसट होऊ शकतो. प्रयोगशाळेला माहीत नसतं की समोरच्या बाटलीतलं फ्युरोसेमाइड काट्यासाठी होतं की दुसरं काही झाकण्यासाठी. दुसरं कारण वजनाच्या गटांचं. गोळीच्या जोरावर खालच्या गटात उतरलेला गडी प्रामाणिक गड्याच्या समोर पाच किलोनं जड असतो. आणि तिसरं, जीव. इथवर नियम मला मान्य आहे, आणि त्या रात्रीही होता.

पण वस्तादांच्या प्रश्नातला अर्धा भाग बरोबर आहे आणि तो मला टाळता येत नाही. पाणी तोडून, उपाशी ठेवून, तापवून पोरांना सुकवण्याची जी रीत आहे, तिनंच ही गोळी बोलावून आणली. साडेचार किलो सहा दिवसांत उतरवायचं ठरलं तेव्हाच पुढचं ठरलं होतं. डोपिंगवाले गोळीच्या मागं लागतील, आणि ते बरोबर आहे. पण सुकवणं तसंच राहिलं तर पुढचं पोर दुसरी काहीतरी युक्ती शोधेल, आणि ती घरातल्याच कुठल्यातरी डब्यात सापडेल. आमच्या भागातलं डोपिंग समजून घ्यायचं असेल तर आधी तालमीतला वजनकाटा बघावा लागेल.

सुईचं सांगितलंच पाहिजे, कारण ते दुसरं टोक आहे. जत्रेच्या फडांवर टेस्ट नसते. तिथं मेफेन्टरमिन नावाचं इंजेक्शन फिरतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो वर आणायला वापरायचं हे औषध. टोचलं की दम लागत नाही असं वाटतं, आणि हृदय मात्र पळत राहतं. शेजारच्या सांगली-कोल्हापूर भागात असा साठा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. स्पर्धेच्या काळात ते सापडलं तर चार वर्षांच्या बंदीचं द्रव्य आहे. वस्तादांनी ते आपल्या तालमीबाहेर ठेवलं, यासाठी त्यांचे उपकार मानावेत तेवढे कमी. पण सुईवर डोळा ठेवता ठेवता गोळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 'औषध' म्हणजे सुई, एवढीच व्याख्या तालमीत होती.

नियम काय सांगतो आणि सुनावणीत काय झालं

खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा या सगळ्याचा पाया. कुणी दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे शिक्षा ठरवताना येतं, दोष ठरवताना नाही. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्यानं याला कायद्याचं बळ दिलंय. वडिलांना हे फार जड गेलं. फाउंड्रीत अपघात झाला तर कुणाचं चुकलं ते आधी बघतात, असं ते म्हणाले.

फ्युरोसेमाइडचा किंचितसा अंश दुसऱ्या औषधांतल्या भेसळीतूनही येऊ शकतो, म्हणून लघवीत मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर प्रयोगशाळा तो सदोष म्हणून कळवतच नाही. या पोराच्या नमुन्यात त्याच्या कितीतरी पट होतं. म्हणून 'ब' बाटली उघडायला लावण्यात पैसा घालवू नका, असं मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

काही गोष्टी त्याच्या बाजूनं होत्या. हे द्रव्य 'विशिष्ट' गटातलं, म्हणजे खेळाडूनं जाणूनबुजून नियम मोडला हे सिद्ध करायची जबाबदारी नाडावर, आणि सुरुवातीची शिक्षा दोन वर्षं. स्टेरॉइड असतं तर चारपासून सुरुवात झाली असती. शिवाय तो अठराच्या आतला, नोंदणीकृत तपासणी गटात (ज्यांची नेहमी तपासणी होते अशा खेळाडूंच्या यादीत) नसलेला, आंतरराष्ट्रीय खुल्या गटात कधीही न खेळलेला, म्हणजे 'संरक्षित व्यक्ती'. अशाचा मोठा दोष नाही हे दाखवता आलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठंही बसू शकते. आम्ही आजीची चिठ्ठी, केस पेपर, डब्यातली चार गोळ्या कापलेली पट्टी, आणि निवड चाचणीनंतरच्या माझ्या दवाखान्यातल्या नोंदी, सगळं पाठवलं. निवड चाचणीच्या दोन गोळ्यांचंही लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं. वकील मित्रानं लिहू नका म्हणून सांगितलं होतं. वडिलांनी लिहा म्हटलं.

आणखी एक कागद लगेच पाठवला. अशा द्रव्यात तात्पुरतं निलंबन आपोआप होत नाही, पण खेळाडूनं ते आपणहून स्वीकारलं तर ते दिवस पुढच्या शिक्षेतून वजा होतात. ही माहिती त्या चार पानांत होती, बारीक अक्षरात. कुणी वाचून सांगितली नसती तर चार महिने असेच गेले असते.

सर्वांत अवघड भाग वेगळाच निघाला. अल्पवयीन खेळाडूच्या प्रकरणात त्याच्या भोवतालच्या मोठ्या माणसांची चौकशी करणं संस्थेवर बंधनकारक असतं. गोळी कुणी सुचवली, हा प्रश्न येणारच होता. पोरगा दोन आठवडे नाव सांगेना. "त्यानं मला ढाक डाव शिकवलाय डॉक्टर," एवढंच म्हणायचा. शेवटी वस्तादांनीच त्याला जवळ बसवून सांगितलं की तुझ्यामागं तालमीत अजून बारकी पोरं आहेत. तेव्हा त्यानं नाव दिलं. त्या माणसाचं पुढं काय झालं ते त्याचं प्रकरण आहे, मी इथं लिहीत नाही. तो पोराचा फोन मात्र आजवर उचलत नाही, आणि याचं दुःख पोराला बंदीपेक्षा जास्त आहे.

सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्याच दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर. समोर तिघांचं मंडळ, एक कायद्याचे, एक डॉक्टर आणि एक माजी खेळाडू. पोरगा मराठीत बोलला, मी हिंदीत सांगत गेलो. 'लेते हो' ची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्यातल्या माजी खेळाडूनं त्याला ती पुन्हा सांगायला लावली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. डॉक्टर सदस्यांनी मला विचारलं, चिठ्ठी तुमची आहे ना? मी हो म्हटलं. पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा तुम्ही रक्तातलं पोटॅशियम तपासलं का? मी नाही म्हटलं.

निकाल एक वर्ष बंदीचा लागला, निलंबन स्वीकारलं त्या दिवसापासून मोजून. पदक आणि प्रमाणपत्र परत. संघटनेशी जोडलेल्या तालमीत बंदीच्या काळात सरावालाही जाता येत नाही, फक्त शेवटचे दोन महिने परवानगी. वडिलांनी कांस्यपदक कुरिअरच्या पाकिटात स्वतः घातलं. पाकीट चिकटवायच्या आधी आजीनं ते एकदा हातात घेतलं आणि पदरानं पुसलं.

त्यानंतर

२०२४ मध्ये नाडानं ७११३ नमुने तपासले आणि त्यांपैकी २६० सदोष निघाले. आधीच्या वर्षी ५६०६ पैकी दोनशेहून जास्त. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत त्या दोन्ही वर्षी आपलं प्रमाण सर्वांत वर होतं. या आकड्यांत स्टेरॉइड टोचून घेणारे आहेत, विकणारे आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यात आजीच्या डब्यातली गोळी खाणारी पोरंही आहेत, आणि दोघांसाठी एकच उपाय चालणार नाही.

तालमीत आता मारुतीच्या फोटोशेजारी भिंतीवर एक फळा आहे. दर शनिवारी प्रत्येक पोराचं वजन खडूनं लिहिलं जातं, आणि कुणाचं आठवड्यात किलोच्या वर उतरलं तर वस्ताद त्याला मॅटवर जाऊ देत नाहीत. पहिले दोन महिने पोरं कुरकुरली. दोन पालकांनी पोरं दुसऱ्या तालमीत नेली, तिथं अजून प्लॅस्टिकचा सूट चालतो. फळ्याच्या खाली मी मराठीत लिहून दिलेला कागद आहे. पायसुजीची गोळी, बीपीचं इंजेक्शन, जिममधल्या बिननावाच्या पावडरी, अशा तालमीतल्या शब्दांत. 'डाययुरेटिक' लिहिलं तर कुणी वाचणार नाही. घरातल्या माणसाला पायसुजीची गोळी लिहून देताना मी आता विचारतो, घरात कुणी कुस्ती खेळतंय का?

पोरानं बंदीच्या वर्षात बारावी केली, वडिलांच्या ओळखीनं चार महिने फाउंड्रीत हेल्परचं काम केलं, आणि शेवटच्या दोन महिन्यांत पुन्हा मातीत उतरला. वीस वर्षांखालच्या गटात आता ७० किलोला लढतो. वजन ७१ आहे, तेवढं आठवडाभर भाकरी कमी करून उतरतं.

काल रात्री सव्वादहाला त्याचा फोटो आला, सर्दीच्या गोळीच्या पट्टीचा, पुढून आणि मागून. स्पर्धा तीन आठवड्यांवर. पॅरासिटामोल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. तिन्ही नावं मी यादीत तपासली, एकही बंद नाही. 'चालेल' असं लिहून पाठवलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'डॉक्टर, परत एकदा बघा की.'

मी परत बघितलं.